पाटीवर नसलेली मालकीण

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत एक शब्दप्रयोग हमखास असतो – ‘लेडी ड्रिव्हन’. म्हणजे गाडी बाईच्या हातची आहे, उगाच पळवलेली नाही, कुठे ठोकलेली नाही, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालंय. या दोन शब्दांनी किंमत चार पैसे वर जाते म्हणे! एरवी बायकांच्या ड्रायव्हिंगवर विनोद करणारी मंडळीही गाडी विकायला काढली की हे दोन शब्द आठवणीने छापतात. त्याच गाडीचं आरसी बुक उघडून बघा. चालवणारी ती, कागदावर बहुतेक वेळा तो.

हे सुचायचं कारण जासईतली एक गाडी. उरणच्या वाटेवरचं जासई म्हणजे आता कंटेनरचा शेजार. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि आजूबाजूच्या भातशेतीच्या जागी यार्ड, गोदामं, ट्रेलरच्या रांगा आल्या. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबईही जवळ आली. इथल्या एका गोदामाच्या कोपऱ्यात दोन-अडीच वर्षं एक एमजी टीडी दुरुस्त होत होती. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात अशा जवळजवळ तीस हजार गाड्या तयार झाल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. दोनच सीट, कापडी टप, पुढची काच आडवी पाडता येणारी, दारांना काचेऐवजी अडकवायचे पडदे. वरून पत्रा, पण आतला सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा. त्यामुळे आपल्याकडच्या पावसात आणि वाळवीत या गाडीचं काय होत असेल, ते सांगायला नको.

ही मात्र टिकली. आता लाल रंगात, चकचकीत क्रोममध्ये अशी काही दिसते, की रस्त्यावरचे ट्रेलरवालेसुद्धा वेग कमी करतात! प्रदर्शनात ठेवायला मालकांनी एक सुबक पाटीही करून घेतली आहे – ‘मालकीचा इतिहास’. १९५२, एका इंग्रजी कंपनीतले साहेब. १९५८, दादरचे एक डॉक्टर. २०१९, सध्याचे मालक. संपला इतिहास.

हिशेब केला तर डॉक्टरांची मालकी एकसष्ट वर्षांची होते. पण डॉक्टर तर १९९१ सालीच वारले. म्हणजे पुढची अठ्ठावीस वर्षं गाडी त्यांनी स्वर्गातून सांभाळली की काय?

सांभाळली त्यांच्या पत्नीने. या बाई माझ्या परिचयाच्या, म्हणून मला हे ठाऊक. साठच्या दशकात त्या याच गाडीवर शिकल्या. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबायची कसरत, तीही नऊवारीतल्या सासूबाईंना शेजारी बसवून. डॉक्टर गेल्यावर फ्लॅट, बँक, विमा यांचे कागद करायला दीर, जावई, वकील सगळे धावले. गाडीचे कागद कुणाच्या डोक्यातच आले नाहीत. ‘आता काय करायचीय ती,’ एवढंच म्हणाले. बाईंकडे लायसन्स होतं, हात साफ होता. पण कागद आपल्या नावावर नाहीत, पोलिसाने अडवलं तर काय, या धास्तीने त्यांनी गाडी रस्त्यावर काढली नाही ती नाहीच.

मात्र मरूही दिली नाही. दर रविवारी पुढून हँडल घालून इंजिन चार फेरे फिरवायचं, म्हणजे जाम होत नाही. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या, वाळवीसाठी लाकडाला रॉकेलचा हात, पावसाळ्यात वर ताडपत्री. भंगारवाला तीनदा आला, सोसायटीने गॅरेज रिकामं करा म्हणून पत्रं धाडली. बाई बधल्या नाहीत. जासईचा मिस्त्री इंजिन उघडल्यावर म्हणाला होता, “ताई, ही गारी कोनी तरी जीव लावून ठेवलेली हाय.” त्याला पाटी वाचायची गरज पडली नाही.

सध्याचे मालक सज्जन आहेत. मी पाटीबद्दल विचारलं तर म्हणाले, “अहो, कागदात जे आहे तेच लिहिलंय.” मुद्दा खोटा नाही. पण गंमत बघा, या शौकीन मंडळींचा बाकी कशात कागदावर भरवसा नसतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळतो का, हे रंग खरवडून तपासतील. डॅशबोर्डवरचं बटण मूळचं की नंतरचं, यावर तासभर वाद घालतील. एमजी कंपनी नफिल्डकडून ब्रिटिश लेलँड, मग रोव्हर, बीएमडब्ल्यू, पुढे नानजिंग आणि शांघायच्या चिनी कंपन्यांकडे कशी गेली, हे त्यांना तोंडपाठ. (आज त्याच नावाच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात!) फक्त अठ्ठावीस वर्षं हँडल कुणी फिरवलं, हा प्रश्न त्यांना पडत नाही. इंग्लंडात जुन्या गाडीबरोबर लॉगबुकं, बिलं, फोटो, पत्रं अशी अख्खी फाइल विकली जाते आणि तिला किंमतही येते. तशी फाइल इथे केली असती तर बाईंची रॉकेलची बिलंसुद्धा त्यात लागली असती.

बाया आणि मोटारी हे काही नवं नातं नव्हे. जेआरडींच्या आई सुझान टाटा १९०५ साली मोटार चालवत होत्या. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. इंग्लंडात १९३३ची आरएसी रॅली किटी ब्रुनेल नावाच्या मुलीने जिंकली, एसी कंपनीच्या स्पोर्ट्स कारमध्ये. स्टिअरिंग आपल्या हाती केव्हाच आलं. नाव कागदावर चढायला वेळ लागतो.

आणि ते चढवणं अवघडही नाही. मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरायचा आणि गाडी वारसाच्या नावे करून घ्यायची. नियम १९८९पासून आहे. बाईंना तो कुणी सांगितला असता तर त्या आणखी वीस वर्षं गाडी चालवत्या. उलट २०१९ साली गाडी द्यायची वेळ आली तेव्हा रजिस्ट्रेशन केव्हाच संपलेलं, दोन्ही मुलांच्या ना-हरकती हव्या, त्यातला एक अमेरिकेत. ज्या मुलांनी गाडीवरची धूळही कधी झटकली नव्हती, त्यांच्या सह्यांसाठी बाई पाच महिने थांबल्या.

कागदावरच्या नावाची किंमत जासईकरांना वेगळी सांगायला नको. दि. बा. पाटील याच गावचे. जमिनीच्या मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ला इथे आणि शेजारच्या नवघर परिसरात जे घडलं, त्यात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्क्यांची योजना त्या लढ्यातून आली. मोर्चात बायका होत्या. प्लॉट मात्र सातबाऱ्यावरच्या नावांना मिळाले. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरी वारसनोंद झाली की बहिणीपुढे पहिल्यांदा येतो तो हक्कसोडपत्राचाच कागद. आणि त्या पैशातून दारात आलेली गाडी? तीही भावाच्याच नावावर.

२०२१पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालायची सोय झाली आहे, तीही मालक हयात असतानाच. त्याच वर्षी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आले – वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. या लाल एमजीची फाइल त्यासाठीच तयार होते आहे. मालकांची मुलगी दर शनिवारी येऊन कार्बोरेटर जुळवत बसते, हात काळे करून. नॉमिनी कोण, असं मी सहज विचारलं. “मुलगा,” ते म्हणाले. तो बंगळुरूला असतो आणि त्याला गाड्यांची आवड नाही. मुलीने पाना खाली ठेवला आणि वडिलांकडे बघितलं. फॉर्म अजून दिलेला नाही.