सोळा आण्यांचे शंभर पैसे



कुंभवलीच्या घरी आजीचा पत्र्याचा डबा उघडला, तेव्हा त्यात दोन नाणी निघाली. एक कातर कडांचा आणा, त्यावर बैल. दुसरा तांबडा, एवढासा, नया पैसा. पुतणीने विचारले, "काका, यांतलं मोठं कोणतं?" त्या प्रश्नावरून हा लेख.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, तरी खिशातल्या नाण्यांवर इंग्रज राजाच होता. १९४९ साली एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी सारनाथचा अशोकस्तंभ आला. १५ ऑगस्ट १९५० पासून तेच सिंह नाण्यांवरही आले. सम्राट अशोकाची खूण गरिबाच्या मुठीत आली. हिशेब मात्र जुनाच राहिला : रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. १९५५ साली कायदा बदलला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९६४ साली 'नया' शब्द गळला.

सोळाने शंभराला भागले तर सव्वासहा येतात. सव्वा पैशाचे नाणे कुठून आणणार? म्हणून सरकारने कोष्टक दिले : एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस. जुनी-नवी नाणी काही काळ एकत्रच चालत होती. या पाव पैशाच्या फटीत अडाणी माणूस अडकला.

आजी त्या वेळी गवत कापायला जायची. मजुरी रोज दहा आणे. आठवड्याला मुकादम म्हणाला, "आण्याला सहा पैसे, सहा दिवसांचे तीन रुपये साठ पैसे." आजीला अक्षरओळख नव्हती. पण चार आण्यांची पावली म्हणजे पंचवीस पैसे, एवढे तिला पक्के ठाऊक होते. तिने जमिनीवर खडे मांडले. साठ आण्यांच्या पंधरा पावल्या, म्हणजे पावणेचार रुपये. पंधरा पैसे कमी! दिवसाच्या मजुरीचा जवळजवळ चौथा हिस्सा. ती म्हणाली, "दादा, माझे खडे मोजून घे." मुकादमाने मोजले आणि पैसे दिले. मग मागच्या बायांनीही खडे मांडले.

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. १९२५ साली त्यांनी चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्षही दिली. रुपयाचा परदेशी दर स्थिर असण्यापेक्षा देशात त्याची खरेदीची ताकद टिकणे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. ठरावीक मजुरीवर जगणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भाव चढले की हातातला रुपया तोच राहतो, पिशवी मात्र हलकी होते.

मी कारकुनी करतो. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणारी आपली मुले संध्याकाळी पगाराची चिठ्ठी घेऊन येतात. हजेरी किती, ओव्हरटाइम किती, फंडाला कापले किती, हे बऱ्याच जणांनी वाचलेलेच नसते. "पंधरा-वीस रुपयांसाठी कोण भांडणार?" म्हणतात.

आज नया पैसा चालत नाही, आणाही नाही. २०११ साली चार आण्यांचे नाणेही बंद झाले. पण फट आहे तिथेच आहे. आजीकडे खडे होते, आपल्याकडे शाळेत शिकलेले गणित आहे. या महिन्याची चिठ्ठी घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचा. आपल्या कष्टाचा हिशेब मागायला लाज कसली?