साखळी अपघात : दोष अनेकांचा, भरपाई कोणाकडून?

जुलै २०२५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीनजीक ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने अनेक वाहनांना धडक दिली. एका महिलेचा मृत्यू झाला. अशा साखळी अपघातांत दोषनिश्चिती हाच कळीचा प्रश्न ठरतो. सुरक्षित अंतर राखणे बंधनकारक असल्याने प्रथमदर्शनी ठपका मागच्या चालकावर येतो. मात्र त्यालाही मागून धडक बसली असेल, तर जबाबदारी आणखी मागे सरकते. त्यामुळे पंचनामा व छायाचित्रे निर्णायक ठरतात.

जखमी प्रवाशाने मात्र या वादाच्या निकालासाठी थांबण्याचे कारण नाही. एकाहून अधिक चालकांचा निष्काळजीपणा असल्यास कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई वसूल करता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई खटल्यात दिला. स्वतः दोषी असलेल्या चालकाची भरपाई मात्र त्याच्या दोषाच्या प्रमाणात घटते.

मोटारीच्या नुकसानीसाठी सर्वसमावेशक पॉलिसी असल्यास स्वतःच्याच विमा कंपनीकडे दावा करता येतो. तेथे दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही. केवळ 'थर्ड पार्टी' विमा असणाऱ्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेच जावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने तेथील दाव्यांना घातलेली सहा महिन्यांची मुदत न्यायप्रविष्ट असली, तरी विलंब टाळणेच हिताचे.