कमरेला लावलेलं बळ

२ फेब्रुवारी २०२४ ची रात्र. उल्हासनगरच्या हिल लाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, द्वारली गावातल्या जमिनीच्या वादातले दोन्ही पक्ष समोरासमोर होते. तिथंच कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. महेश यांच्यासह दोघं जखमी झाले. आपल्या मुलाला मारहाण झाली म्हणून गोळीबार केला, असं आमदारांनी स्वतः वृत्तवाहिनीला सांगितलं. दोष-शिक्षेचं न्यायालय बघेल.

मला छळतो तो प्रश्न वेगळाच. आमदारकी हाती, पक्ष सत्तेत, भोवती पोलीस. एवढं बळ असलेल्या माणसालाही त्या क्षणी आधार वाटला तो कमरेच्या पिस्तुलाचाच.

अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजच्या संशोधकांचा २००६ मधला एक छोटा प्रयोग आठवतो. ३० तरुणांपैकी काहींच्या हाती पंधरा मिनिटं बंदूक दिली, काहींच्या हाती मुलांचा खेळ. बंदूक हाताळलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन बरंच वाढलं, आणि दुसऱ्यानं प्यायच्या पाण्यात त्यांनी तिखट सॉसही जास्त ओतला. हत्यार नुसतं हातात राहत नाही, ते डोक्यात चढतं. मग निमित्त कुठलंही पुरतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला गोळ्या चालल्या त्या तर बैलगाडा शर्यतीच्या वादातून.

आणि आपण? सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला, तेव्हा पेढे वाटले गेले. मुंबईत हाती पिस्तूल दिलेल्या नेत्याच्या चित्रासह ‘बदला पुरा’चे फलक लागले. चिमुरड्यांसाठी पेटलेला आपला संताप खराच होता. पण आरोपीविरुद्धचा पुरावा कोर्टात तपासला गेलाच नाही. पिस्तूल दुसऱ्याच्या हातात असलं तरी त्याची नशा आपल्याला चढते, ती अशी.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. पण जीव घ्यायला एक पुरते. म्हणून पोलीस ठाण्याच्या दारातच प्रत्येकाचं हत्यार जमा करून घ्या, आमदाराचंही. परवाना देताना आणि नूतनीकरण करताना अर्जदाराचे जमिनीचे वाद आणि जुनी भांडणं तपासा.

हिल लाईनच्या त्या रात्री दोघं इस्पितळात गेले, आमदार कोठडीत. सातबाऱ्यावरचं एक अक्षरही त्यानं हललं नाही. जमिनीचा वाद शेवटी कागदावरच मिटायचा असतो. तोवर धीर धरणं, हेच माणसाचं खरं बळ.