माळ्यावरची पाटी, गोटीची बाटली

पेढीचे नूतनीकरण निघाले की पहिली गदा माळ्यावरच्या सामानावर येते. जाहिरातींच्या गंजलेल्या पाट्या, धुळीने माखलेल्या सोड्याच्या बाटल्या, सारे किलोच्या भावाने भंगारात जाते. बँकेच्या सेवेत तारण मालाच्या तपासणीसाठी मी कितीतरी गोदामे पाहिली. तिथे या वस्तूंकडे कोणी वळूनही पाहत नसे. आज त्यांचे हौशी संग्राहक आहेत, मुंबईच्या चोरबाजारात त्यांचे मोल होते, आणि साहजिकच त्यांच्या नकलाही निघतात.

गोटीच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली घेतले. बाटली उलटी धरून भरत. वायूच्या दाबाने काचेची गोटी तोंडातील रबरी कड्याला घट्ट बसे. निराळ्या बुचाची गरजच नाही! ओतताना गोटी आड येऊ नये म्हणून मानेत खळगे ठेवलेले असत. गोटीसाठी मुले बाटल्या फोडत, हेही त्या अखंड कमी उरण्याचे एक कारण. मात्र अशा बाटल्या आपल्याकडे आजही तयार होतात. केवळ गोटी आहे म्हणून बाटली जुनी ठरत नाही. काचेतच उठावाने आलेले कारखान्याचे नाव आणि खोक्यात घासून बुडाशी व खांद्याशी पडलेला पांढुरका पट्टा पाहावा.

पाट्यांत इनॅमलची पाटी सर्वांत टिकाऊ. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून हा थर चढवतात. त्यामुळे रंग उन्हात सहसा विटत नाही; मार लागला तर टवका उडतो आणि गंज त्या जागी धरतो. खिळ्यांच्या भोकांभोवतीचे टवके म्हणूनच बोलके असतात. सगळीकडे सारखाच गंज दिसला, तर तो मुद्दाम चढवलेला समजण्यास हरकत नाही. काही पाट्यांचा काळ इतिहासच सांगतो. परकीय भागभांडवलाच्या नियमांवरून कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून गेली ती १९९३ मध्ये परतली. मधल्या सोळा वर्षांत तिची नवी पाटी इथे लागण्याचे कारणच नव्हते.

हिशेबनिसाच्या नजरेला याहून महत्त्वाची वाटते ती नोंद. बाटली कारखान्याची, दुकानदाराकडे ती अनामतीवर येई. जुन्या खतावणीत त्या अनामतीची ओळ सापडली, तर ती वही आणि बाटली एकत्रच ठेवावी. सुटी बाटली ही नुसती काच. नोंदीसह तिला गाव, पेढी आणि साल लाभते. पाटी उतरवण्यापूर्वी जागेवरच छायाचित्र घ्यावे, कोणत्या दुकानावर केव्हापासून होती ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. हे काम पुढे ढकलू नये, कारण सांगणारी माणसेही थकत चालली आहेत. आणि पाटीला नवा रंग तर मुळीच देऊ नये. मऊ ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली की पुरे. पेंटरकडून चकाचक करून आणलेल्या पाटीला जाणकार हातही लावत नाही.

परदेशी स्थायिक झालेली मुले अशी वस्तू आठवण म्हणून मागतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असल्यास सामान बांधण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा.