यंत्र बसून राहिलं तर?

डिचोली तालुक्यात हप्त्यावर घेतलेलं यंत्र म्हटलं की मागच्या पिढीला अजून ट्रक आठवतो. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी थांबल्या. दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. खाणी पुढे सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. माझ्या मावशीच्या घरी असाच एक ट्रक होता. त्यामुळे मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, अ‍ॅक्रिलिकच्या वर्कशॉपसाठी यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटर घ्यायचं काढलं तेव्हा मावशीने एकच विचारलं, "आणि हे बसून राहिलं तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. प्रिंटरच्या बाबतीत तर ट्रकपेक्षाही जास्त बरोबर. कसा, ते सांगतो.

दादाचं काम म्हणजे नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, मेनू स्टँड, हॉटेलच्या खोल्यांचे नंबर. मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं, जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली, आणि पेडण्याकडच्या ऑर्डरी वाढल्या. मोरजी, मांद्रे, हरमल इथल्या हॉटेलवाल्यांना रंगीत पाटी हवी असते आणि ती परवा हवी असते. आतापर्यंत दादा लेझरवर अ‍ॅक्रिलिक कापायचा आणि वर छापील व्हिनाइल चिकटवायचा. आधी चिकटवून मग कापणं शक्य नाही, कारण व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. लेझरखाली ते जळलं की क्लोरीनयुक्त, विषारी वायू निघतो. माणसाला घातक, आणि यंत्रही गंजतं. कापल्यावर चिकटवायचं तर बुडबुडे राहतात आणि आपल्या पावसात कडा सुटतात.

फ्लॅटबेडमध्ये शीट सपाट टेबलावर ठेवतात, शाई थेट तिच्यावर पडते आणि यूव्ही दिव्याखाली लगेच घट्ट होते. खरी मजा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमध्ये आहे. चित्र उलटं करून मागच्या बाजूला छापायचं, आधी रंग आणि त्यावर पांढऱ्या शाईचा थर. समोरून बघणाऱ्याला रंग काचेआड असल्यासारखा दिसतो आणि पाटी रोज पुसली तरी छपाईला हात लागत नाही. म्हणून अ‍ॅक्रिलिकवाल्याने पांढऱ्या शाईशिवायचं यंत्र बघूच नये.

आता आकार. बाजारात ६०९० म्हणजे ६० बाय ९० सेंटिमीटर आणि २५१३ म्हणजे अडीच मीटर बाय १.३ मीटर. शीट ८ बाय ४ फुटांची येते, त्यामुळे विक्रेता साहजिकच मोठं यंत्र दाखवतो: "अख्खी शीट बसते, साहेब." पण प्रश्न शीटचा नाही, कामाचा आहे. मी दादाला म्हटलं, आमच्या क्षेत्रात सर्व्हर विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन लोड मोजतात. तू छपाई चार महिने बाहेरून करून घे आणि प्रत्येक कामाची एक ओळ लिही: आकार किती, नग किती, पांढरा थर होता का, बाहेरच्या छपाईला किती दिले, किती दिवस गेले. दादाने ते वहीत लिहिलं, मी एक्सेलमध्ये भरलं. दोन फुटांपेक्षा मोठी कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. बाकी सगळा माल ट्रॉफ्या, नंबर आणि लहान पाट्यांचा.

आणखी एक गोष्ट वहीनेच दाखवली. छापून मग कापायचं असेल तर लेझरला छापलेल्या खुणा ओळखणारा कॅमेरा लागतो. दादाच्या लेझरला तो नाही. मग आधी कापायचं आणि ते तुकडे साच्यात बसवून छापायचे. तो साचा त्याच लेझरवर कापता येतो, आणि त्याला लहान टेबल पुरतं.

यंत्राचा डेमो बघायला जाल तेव्हा विक्रेत्याचा पोपट आणि सूर्यास्त छापून घेऊ नका. आपली शीट आणि आपली फाइल न्या. देवनागरीची परीक्षा कडक असते: 'कार्याध्यक्ष'मधला रफार, 'श्रद्धांजली'तलं जोडाक्षर आणि अनुस्वार ट्रॉफीवरच्या बारीक अक्षरात स्वच्छ आले पाहिजेत. मोबाइलवर वेळ लावा. माहितीपत्रकातला तासाचा वेग बहुधा सर्वांत हलक्या दर्जाच्या छपाईचा असतो. रंग अधिक पांढरा म्हटलं की तो बराच खाली येतो. छापलेला तुकडा घरी आणा. दुसऱ्या दिवशी त्यावर ब्लेडने बारीक चौकडी मारा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्याने ओढा. शाई पट्टीबरोबर आली तर प्रायमर लागणार, म्हणजे प्रत्येक नगामागे एक काम वाढलं. सोनेरी आरसा अ‍ॅक्रिलिकवरही छापून बघा. चकचकीत पृष्ठभागावरून यूव्ही प्रकाश परतून हेडवर पडला तर तिथेच शाई घट्ट होऊ शकते, आणि हेड हा यंत्रातला सर्वांत महाग भागांपैकी एक आहे.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येतो. ट्रक उभा राहिला तर गंजतो, पण सावकाश. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, ते तळाशी बसतं. शाई फिरती ठेवली नाही, रोज थोडं छापलं नाही, तर हेडची छिद्रं बुजतात. आपल्याकडे हॉटेलांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. जून ते ऑगस्ट कामं कमी, हवा दमट, वीज ये-जा करणारी. म्हणजे यंत्र नेमकं बसून राहण्याच्या दिवसांतच त्याची काळजी जास्त. एसीची बंद खोली, यूपीएस आणि रोज सकाळी चाचणीची एक पट्टी छापणारा माणूस, हे तिन्ही खर्च यंत्राच्या किमतीत धरायचेच. कच्ची शाई त्वचेला त्रास देते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि हवा बाहेर टाकणारा पंखाही हवा.

हिशेब साधा आहे. समजा २० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता महिन्याला सुमारे ४२,५०० रुपये. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर रोज १,६०० रुपयांच्या वर, शाईचा एक थेंब पडायच्या आधी. जुलैमध्येही तेवढेच. वहीतला बाहेरच्या छपाईचा खर्च या आकड्याच्या जवळही नव्हता. लहान यंत्राचा हप्ता मात्र त्या खर्चात बसत होता, पावसाळा धरूनही.

दादाने लहान यंत्र ठरवलं, घराची कागदपत्रं बँकेत न ठेवता. मोठी पाटी आली तर ती अजूनही बाहेर छापून घेतो. पैसे देण्यापूर्वी त्याने विक्रेत्याकडून तीन गोष्टी लिहून घेतल्या: बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांत गोव्यात येईल, हेड वॉरंटीत आहे का, आणि दुसऱ्या कंपनीची शाई वापरली तर वॉरंटी राहते का. तेच यंत्र वापरणाऱ्या एका कारखान्यात तो विक्रेत्याला न घेता जाऊन आला, तेही भर पावसात.

तुमच्यापैकी कुणी नोकरी सोडून किंवा घरचा धंदा वाढवायला यंत्र घेणार असेल, मग ते प्रिंटर असो, सीएनसी राउटर असो की काजू सोलायचं यंत्र, तर कोटेशन मागवण्याआधी शंभर पानी वही आणा. यंत्राची निवड चांगल्या महिन्याच्या कमाईवर करू नका. वहीतला सर्वांत वाईट महिना शोधा, आणि त्या महिन्यात हप्ता निघतो का, एवढं बघा.