लेकरं सांभाळायला ताई तयार, पण घर भाड्याचं! गावातलं पाळणाघर नेमकं कुठं अडतं?

बुटीबोरी : सकाळी सहा-साडेसहालाच बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत बाया डबा घेऊन चौकात उभ्या दिसतात. तिकडं मांढळ-भिवापूरकडं मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाणाऱ्या बाया आहेत. काटोल-नरखेडात संत्र्याच्या कामावर जाणाऱ्या आहेत. दिवाळीनंतर कापूस वेचणीला तर घरटी एक बाई वावरात असते. काम वेगळं, पण घोर एकच. लहान लेकरू कुणापाशी ठेवायचं?

घरी आजी असली तर निभावतं. पण कामासाठी गाव सोडून आलेल्या, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबात आजी कुठून आणायची? मग गल्लीतलीच एखादी ताई चार-सहा लेकरं सांभाळायला लागते. ना पाटी, ना पावती. हेच गावातलं पाळणाघर. आणि बऱ्याचदा ती ताईसुद्धा भाड्याच्याच घरात राहते. मेख इथंच आहे. पाळणाघर चालतं ताईच्या भरवशावर, पण बंद पडतं घरमालकाच्या एका शब्दावर.

हिशेब मांडून पाहा

एक साधं उदाहरण घेऊ. १० लेकरं, प्रत्येकाचे महिन्याला ८०० रुपये. झाले ८,००० रुपये. त्यातून घरभाडं ३,५०० गेलं. दूध, खाऊ, गॅस १,८०० आणि वीज ५०० धरा. हातात राहिले २,२००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे ८५ रुपयेही पडत नाहीत. आता यातलं फक्त भाडं काढून टाका. रोजचे २१९ रुपये होतात. म्हणजे लेकरं वाढवून जेवढा फायदा होणार नाही, तेवढा जागेचा प्रश्न सुटल्यानं होतो. लेकरं वाढवली तर उलट सांभाळ कमी पडतो, अन् शेजारीपाजारी ओरड सुरू होते.

कागदावर काय लिहिलंय?

घर देताना मालक सहसा तोंडीच सांगतो, नाहीतर छापील फॉर्मवर सही घेतो. त्या फॉर्मवर बहुतेक वेळा 'फक्त राहण्यासाठी' असं लिहिलेलं असतं. ताई वाचत नाही, मालकही वाचत नाही. पण भांडण झालं की तीच ओळ पुढं येते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे की ज्या कामासाठी घर भाड्यानं दिलं, ते सोडून दुसऱ्या कामासाठी ते वापरायचं नाही. म्हणजे राहायला घेतलेल्या घरात मालकाला न विचारता पाळणाघर सुरू केलं, तर घर खाली करायला सांगण्याचं कारण आपणच मालकाच्या हातात देतो.

यावर उपाय महाग नाही. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी राज्यात होते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये आणि शहरी भागात १,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामत रकमेवरचं थोडं धरलं जातं. ३,५०० रुपये भाड्याचा ११ महिन्यांचा करार असला तर हे शुल्क शंभर रुपयांच्या आसपास बसतं. सेवा केंद्रवाल्याचे पैसे वेगळे. करारात एवढं लिहून घ्यावं: या घरात दिवसा इतक्या लेकरांचं पाळणाघर चालेल, त्याला मालकाची संमती आहे, आणि घर हवं असल्यास दोन महिने आधी सांगावं लागेल. ही दोन महिन्यांची अट सगळ्यात मोलाची. कारण पाळणाघर एका रात्रीत उठलं तर ताईची एकटीची नाही, दहा आयांची मजुरी बुडते.

विजेचं मीटरही बघावं. मीटर मालकाच्या नावावर असतं, आणि 'व्यापारी दर लागेल' ही मालकाची भीती असते. महावितरणच्या दर नियमांत घरातूनच छोटा व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दराची सवलत आहे, पण वापर महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत हवा. दोन पंखे अन् एक कूलर असलेल्या पाळणाघरानं बिलावर लक्ष ठेवलं तर हे जमतं. मालकाला हे आधीच सांगितलं की अर्धी कुरबूर मिटते.

भीती मालकालाही असते

मालक नाही म्हणतो ते दरवेळी लोभापायीच असं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि राज्यभर खळबळ उडाली. उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील, ही मालकाची धास्ती आहे. त्यावर 'विश्वास ठेवा भाऊ' एवढं म्हणून भागत नाही. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन वर्षांखालच्या १० लेकरांमागं एक आणि तीन ते सहा वर्षांच्या २० लेकरांमागं एक सांभाळणारी व्यक्ती सांगितली आहे. घरातल्या पाळणाघरानं हेच माप धरावं. शक्यतो तळमजला, झाकलेली पाण्याची टाकी, उंचावर विजेचे बोर्ड, आईवडिलांचे नंबर भिंतीवर आणि रोजची हजेरीवही. एवढं दिसलं की मालकही नरमतो आणि आईही निर्धास्त कामाला जाते.

सरकारी 'पाळणा' पुरेल का?

मिशन शक्तीखालच्या 'पाळणा' योजनेत राज्यात पहिल्या टप्प्यात ३४५ पाळणाघरं ठरली आहेत. सहा महिने ते सहा वर्षांची लेकरं, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास आणि एका ठिकाणी जास्तीत जास्त २५ लेकरं. खर्चात केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. पाऊल चांगलंच आहे. पण नागपूर जिल्ह्यातच १३ ग्रामीण तालुके आहेत, आणि ३४५ हा आकडा अख्ख्या महाराष्ट्राचा. शिवाय आठ तासांची पाळी अन् जाण्यायेण्याचा वेळ धरला तर साडेसात तास कमीच पडतात. म्हणजे गल्लीतल्या ताईची गरज संपत नाही.

कंपन्यांचीही जबाबदारी आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराला भेटता येतं. पण सातऱ्यावरच्या आणि वावरातल्या मजूर बाईला ही सोय लागू पडणं अवघडच.

गावाच्या हातात काय आहे?

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्चावा लागतो. अनेक गावांत तो शिलाई मशीन, साहित्य वाटप अशा कामांत जातो, किंवा मार्चअखेरीस घाईनं संपवला जातो. दुसरीकडं समाजमंदिर दिवसभर कुलूपबंद असतं. ग्रामसभेआधी महिलांची सभा भरते. तिथं दोन मागण्या मांडता येतात: गावातली रिकामी खोली दिवसा पाळणाघराला द्या, किंवा या निधीतून जागेच्या भाड्याला हातभार लावता येतो का ते ग्रामसेवकानं लेखी सांगावं. तोंडी 'बघू' म्हटलं की विषय तिथंच संपतो, म्हणून उत्तर लेखीच मागावं.

कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत, अशी तक्रार दर हंगामात पारावर होते. ती करताना गावातल्या लेकरांना दिवसभर ठेवायला जागा आहे का, हेही एकदा विचारलं पाहिजे. ताई गावात आहे. तिला हक्काची एक खोली अन् एक पक्का कागद हवा आहे.