120 तासांत मावेल एवढा प्रश्न

बी. ए.ला मानसशास्त्र घेतलेली मुलं प्रकल्पाचा विषय घेऊन येतात, तेव्हा शीर्षक बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं : ‘वाघाच्या भीतीचा ग्रामीण महिलांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम – एक अभ्यास’. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात हा विषय कुणाला सुचला नाही तरच नवल. मे 2025 मध्ये याच तालुक्यातल्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जिची आई रोज सरपणाला जाते, त्या मुलीला हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही. विषय तिचा स्वतःचा आहे. शीर्षक मात्र कुठल्या तरी जुन्या प्रबंधावरून उचललेलं असतं आणि त्यात एवढं काही कोंबलेलं असतं की पदवीच्या मुलीनं ते पेलावं ही अपेक्षाच चुकीची ठरते.

हे आत्ताच लिहायला हवं, कारण वेळ जवळ आली आहे. राज्यातल्या संलग्नित महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण 2024-25 पासून लागू झालं. त्या वर्षी प्रवेश घेतलेली तुकडी 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला पोचेल. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्यांना ‘संशोधनासह पदवी’ घेता येईल आणि तिच्यात 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असेल. त्याआधीचे क्षेत्रप्रकल्प लहान असतात. श्रेयांकामागे प्रत्यक्ष कामाचे 30 तास धरले, तर 4 श्रेयांकांच्या कामाला 120 तास मिळतात. माझ्या मते नियोजनाची सुरुवात या आकड्यापासून करावी. विषय त्यानंतर ठरवावा.

हिशेब करून बघा. भीती मोजायची प्रश्नावली घेतली, जंगलालगतच्या आणि जंगलापासून दूरच्या गावातल्या बायांची तुलना करायची ठरवली. दोन गटांतला मध्यम आकाराचा फरक खात्रीनं पकडायचा असेल तर प्रत्येक गटात 64 माणसं लागतात, असं जेकब कोहेन यांनी 1992 मध्ये मांडलं. ते गणित आजही संशोधक वापरतात. म्हणजे 128 बाया. एकेकीला घरी गाठायचं, प्रश्न वाचून दाखवायचे, त्या रोवणीला गेल्या असतील तर परत यायचं. एकट्या मुलीच्या 120 तासांत हे बसत नाही. मग काय होतं, ते प्रत्येक प्राध्यापकाला माहीत आहे : 30-30 जणींचे फॉर्म कसेबसे भरले जातात, काही वसतिगृहातच भरले जातात, आणि शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग होतं. त्यातून मुलगी खोटं लिहायला शिकते, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याऐवजी प्रश्न असा घ्यावा : हल्ल्याची बातमी गावात आल्यावर जंगलात जायची वाट, वेळ आणि सोबत यांत बाया काय बदल करतात, आणि तो बदल किती दिवस टिकतो? यात ‘मानसिक आरोग्य’ हा शब्दही नाही, तरी प्रश्न अस्सल मानसशास्त्राचा आहे. धोका माणूस आकड्यांवरून जोखत नाही. ज्याची दहशत वाटते तो त्याला मोठा वाटतो आणि जो रोजच्या सवयीचा तो लहान, हे पॉल स्लोविक यांनी 1987 मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं. सिंदेवाहीत वाघ दहशतीचाही आहे आणि रोजचाही. अशा ठिकाणी माणसं धोका कसा जोखतात, हे अमेरिकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून कळणार नाही. मानसशास्त्रातल्या अभ्यासांचे 96 टक्के सहभागी जगाच्या फक्त 12 टक्के लोकसंख्येच्या देशांतून येतात, असं जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं. उरलेल्या 88 टक्क्यांत आपलं गाव येतं.

या प्रश्नाला 10-12 मुलाखती पुरतात. पाऊण तासाची एक, म्हणजे 12 मुलाखतींचं 9 तासांचं ध्वनिमुद्रण. ते शब्दशः उतरवायला तासामागे साधारण 4 ते 6 तास जातात. 50 तास तिथेच गेले असं समजा. उरलेल्या 70 तासांत वाचन, गावात जाणं, दोन सरावाच्या मुलाखती, उत्तरांचं वर्गीकरण आणि लेखन. जमतं, पण काठोकाठ.

लहान प्रश्नाला कमी लेखू नये. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. 1983 मध्ये धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी तेवढ्याच वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत राहिले. एचएमटी तांदूळ त्यातून आला.

प्रश्न विचारायचा कसा, याचा धडाही जवळच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना बाळांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा होता. त्यासाठी मिनिटाला किती श्वास हे मोजावं लागतं, आणि गावच्या दायांना मोठी मोजणी येत नव्हती. बंग दांपत्यानं वाळूचं मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दायांनी ते वापरलं. आपल्या प्रश्नावल्यांत ‘गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा : कधीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस’ अशा चौकटी असतात. मोह वेचणाऱ्या बाईला दिवस असे मोजायची गरज पडत नाही. तिला ‘होळीनंतर’, ‘फळी (तेंदूपत्ता संकलनाची जागा) सुरू झाली तेव्हा’, ‘ती बाई गेली त्याच्यानंतर’ असं विचारा, ती वाट आणि वेळ नेमकी सांगेल. सरावाच्या दोन मुलाखती यासाठीच हव्यात.

आता वेळापत्रक. विद्यापीठाचं दुसरं सत्र साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं आणि उन्हाळ्यात परीक्षा. जंगलाचं वेळापत्रक निराळं : मार्च-एप्रिलमध्ये मोह, मग तेंदूपत्ता, 70 पानांची पुडकी बांधत फळीवर दुपार जाते, जुलैत रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे धानकापणी. मुलाखतीला निवांत बाई भेटते ती धान घरात आल्यावर, मोह गळायच्या आधी. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी मुलाखतींसाठी राखावेत आणि त्यासाठी वाचन, प्रश्न, मंजुरी हे सगळं पहिल्या सत्रात उरकावं. जाणंयेणं दिवसाउजेडी, दोघींनी मिळून, आणि कुठल्या गावात आहोत हे मार्गदर्शकाला कळवून. पहाटे किंवा सांजवेळी जंगलाच्या वाटेनं सायकलवर मुलगी पाठवायची नाही. प्रकल्पासाठी कुणी जीव धोक्यात घालू नये.

एक गोष्ट मी ठामपणे सांगेन : ज्यांच्या घरचं माणूस वाघानं नेलं, त्यांच्या मुलाखती पदवीच्या प्रकल्पात नकोत. सुंदरबनात वाघामुळे विधवा झालेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण तो मनोविकारतज्ज्ञांनी केला. वीस वर्षांच्या मुलीसमोर एखादी आई रडू लागली, तर त्या मुलीनं काय करायचं? इतर मुलाखतींतही जुनं दुःख वर येऊ शकतं. तेव्हा ध्वनिमुद्रण थांबवायचं, विषय सोडायचा, जवळ बसायचं आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक देऊन यायचं, हे आधी ठरलेलं असावं. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं संमती समजावून घ्यायला सांगतात. वाचता न येणाऱ्या बाईला संमतिपत्र साक्षीदारासमोर वाचून दाखवावं आणि अंगठा घ्यावा. तिला आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगावी : मी वन विभागाची नाही, भरपाईची नाही, माझ्यामुळे तुमचं काम होणार नाही आणि बिघडणारही नाही. कोण कुठल्या राखीव जागेत सरपणाला गेलं, हे नावानिशी वहीत उतरवू नये. चुकून कुणाच्या हाती पडलं, तर तिच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

आणि मार्गदर्शक. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत मानसशास्त्राला एकच शिक्षक असतो आणि त्याच्याकडे पंधरा-वीस मुलं. त्याची अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय आहे : विद्यार्थ्यांचे चार-चारचे गट, एकाच मोठ्या प्रश्नाचे तुकडे, प्रत्येकाची गावं वेगळी. एका गटाला पंधरवड्याला एक तास, तारखेसह नोंद. पहिली मुलाखत शिक्षकानं सोबत बसून ऐकावी. एक ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकून सांगावं की कुठे तू घाई केलीस, कुठे उत्तर तूच तिच्या तोंडी घातलंस. हे त्यानं केलं नसेल, तर प्रमाणपत्रावर सही करायचा त्याला हक्क नाही असं मी मानतो. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झालं ते इथली मुलं इथे शिकावीत म्हणून. प्रकल्पाच्या परीक्षेत छापील पानं मोजण्याऐवजी ही नोंदवही तपासावी, एवढा नियम त्यानं केला तरी पुष्कळ होईल.

मानसशास्त्र घेतलेल्या मुलामुलींनी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एवढंच करावं : कुणाला विचारायचं, काय विचारायचं, काय विचारायचं नाही, हे दोन पानांत लिहून मार्गदर्शकापुढे ठेवावं. शीर्षकाची ओळ कोरी सोडली तरी चालेल.